पोचविणें हाच नेम

इतिहासाच्या पुस्तकांत लढायांचीं वर्णनें पुष्कळ असतात. कोणत्या सेनापतीनें शत्रूस कोठें गांठलें, कोणाचीं किती जहाजें बुडालीं, तह कोणत्या सालीं झाला, हें सर्व आपण पाठ करितों. परंतु लढणाऱ्यांच्या पोटांत अन्न कोठून गेलें, विमानांत भरावयाचें तेल कोणीं आणिलें, इस्पितळांत औषधें कोणत्या वाटेनें पोचलीं, हे प्रश्न परीक्षेंत सहसा येत नाहींत. १९३९ ते १९४५ या काळांतील दुसऱ्या महायुद्धापुरतें पाहिलें तर या सर्व प्रश्नांचें उत्तर बहुतेक एकच आहे, व तें म्हणजे साधीं मालवाहू जहाजें. इंग्लंडसारखा बेटावरचा देश तर युद्धापूर्वीं आपल्या अन्नाचा अर्ध्याहून अधिक भाग समुद्रापलीकडून आणीत असे. हीं जहाजें थांबलीं असतीं तर सैन्यें व घरेंदारें दोन्ही उपाशीं पडलीं असतीं. आणि या जहाजांच्या रक्षणाचें काम ज्यांच्यावर सोंपविलें होतें, त्यांतील कित्येक जण शाळेचा उंबरठा नुकताच ओलांडलेले तरुण होते.

विद्यार्थिमित्रहो, या तरुण पहारेकऱ्यांचें काम काय होतें, तें कसें चाले, आणि दोन प्रसंगीं त्यांची कसोटी कशी लागली, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे. त्यांपैकीं दुसऱ्या प्रसंगाचा संबंध हिंदी आरमाराशीं व मुंबई बंदराशीं आहे. तरीहि तो आपल्यांतील फार थोड्यांस ठाऊक असतो.

जहाजास पहारा कां लागतो?

मालवाहू जहाज हें भरल्या बैलगाडीसारखें असतें. पोट मोठें, चाल मंद. त्या काळचीं पुष्कळशीं मालवाहू जहाजें ताशीं दहाबारा सागरी मैलांपेक्षां जास्त वेगानें जात नसत. अशा जहाजास युद्धकाळीं चार प्रकारचें भय असे. पाण्याखालून पाणबुडी येई. वरून विमान येई. बंदराच्या तोंडाशीं शत्रूनें पेरलेले सुरुंग असत. आणि चौथें भय सर्वांत फसवें होतें. एखादें उतारूंचें किंवा मालाचें मोठें जहाज घेऊन त्यावर तोफा बसवावयाच्या, त्या झांकून ठेवावयाच्या, आणि अथांग समुद्रांत एकट्यादुकट्या जहाजाची वाट अडवावयाची, अशी रीत जर्मनी व जपान या दोन्ही राष्ट्रांनीं अवलंबिली होती. लांबून पाहणारास तें आपल्यासारखेंच एक गरीब जहाज वाटे. जवळ आल्यावर त्याचे पडदे बाजूस होत.

यावर पहिला उपाय म्हणजे काफिला. पूर्वीं चोरांच्या भयानें व्यापारी लोक तांडा करून घाट उतरत, तसेंच हें होय. तीसचाळीस जहाजें एकत्र करावयाचीं व त्यांच्या भोंवतीं लढाऊ जहाजांचें कडें ठेवून तीं न्यावयाचीं. पण समुद्र अफाट, आणि लढाऊ जहाजें मोजकीं. उत्तर अटलांटिक महासागरांत काफिले चालत. परंतु दक्षिण अटलांटिकांत व हिंदी महासागरांत पुष्कळ जहाजांना एकट्यानें, अथवा फार तर एका लहानशा सोबत्याबरोबर, जावें लागे. म्हणून दुसरा उपाय निघाला. प्रत्येक व्यापारी जहाजावरच एक तोफ बसवावयाची व ती चालविण्यास शिकलेलीं माणसें ठेवावयाचीं.

ब्रिटनमध्यें या कामासाठीं आरमारानें सुमारें २४,००० व लष्कराच्या तोफखान्यानें सुमारें १४,००० माणसें तयार केलीं. शिवाय सुमारें दीड लक्ष व्यापारी खलाशांना तोफेवर मदत करण्यापुरतें शिक्षण देण्यांत आलें. अमेरिकेनें नोव्हेंबर १९४१ मध्यें आपला तटस्थतेचा कायदा बदलून व्यापारी जहाजांवर तोफा ठेवण्यास मोकळीक दिली. पुढें युद्ध संपेपर्यंत अमेरिकन आरमाराच्या या पहारेकरी पथकांत सुमारें १,४५,००० माणसांनीं ६,००० हून अधिक जहाजांवर काम केलें. त्यांपैकीं १,८०० हून अधिक माणसें परत आलीं नाहींत.

तोफ पिछाडीस कां?

व्यापारी जहाजावरील ही मुख्य तोफ बहुधा जहाजाच्या पिछाडीस बसविलेली असे. लढाऊ जहाजाची तोफ पुढें असते, कारण त्याला शत्रूच्या अंगावर चालून जावयाचें असतें. मालवाहू जहाजाचें काम निराळें. शत्रु दिसला कीं त्यास पाठ दाखवून निसटावयाचें, आणि तो पाठीस लागलाच तर त्याला दूर ठेवण्यापुरती तोफ डागावयाची, असा त्याचा धर्म. राष्ट्राराष्ट्रांतील जुन्या समजुतीप्रमाणेंहि पिछाडीची तोफ ही केवळ बचावाची मानली जाई. म्हणजे त्या तोफेची जागाच तिचें प्रयोजन सांगत असे.

या तोफेवरील तरुणाचें जिणें मोठें चमत्कारिक होतें. तो आरमाराचा शिपाई. पण त्याचें बिऱ्हाड व्यापारी खलाशांत. त्याच्यावर एखादा तरुण अधिकारी व सोबतीस मूठभर गडी. दिवसरात्र पाळीपाळीनें तासन् तास समुद्रावर नजर ठेवावयाची, खारें पाणी लागून तोफ गंजूं नये म्हणून ती पुसावयाची, तिला तेल द्यावयाचें, आणि पुन्हां पाळीवर उभें राहावयाचें. पहांटे व संध्याकाळीं सर्वांनींच तोफेजवळ हजर राहावयाचें. कारण त्या अंधुक वेळीं जहाजाची काळी आकृति आकाशावर उठून दिसते, आणि पाणबुडी मात्र दिसत नाहीं. असे दिवसांमागून दिवस जात. कित्येकांच्या संबंध सफरीत एकहि शत्रु दृष्टीस पडला नाहीं. रिकाम्या पाण्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत राहणें, हेंच त्यांचें युद्ध. घरीं पत्र लिहितांना 'आज कांहीं घडलें नाहीं' एवढेंच त्यांस लिहितां आलें असतें, आणि तेंच त्यांचें यश होतें.

अमेरिकन पहारेकऱ्यांचें जें ब्रीद होतें त्यांत एकाच इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ साधलेले होते. एक, तोफेचा रोख धरणें. दुसरा, मनांत निश्चय बाळगणें. सुदैवानें आपल्या मराठींत 'नेम' या शब्दांतहि हे दोन्ही अर्थ आहेत. शिकारी पाखरावर नेम धरतो, आणि आपली आजी रोज पहांटे उठून प्रार्थना करण्याचा नेम धरते. त्या ब्रीदाचा आशय मराठींत सांगावयाचा तर 'पोचविणें हाच आमचा नेम' असा सांगतां येईल. शत्रूस बुडविणें हा नेम नव्हे. माल व माणसें ठरल्या बंदरास पोचविणें हा नेम. पुढील दोन्ही प्रसंग याच मापानें मोजावयाचे आहेत.

'स्टीफन हॉपकिन्स'

युद्धांत जितकीं जहाजें बुडत त्याहून अधिक बांधावीं, या हेतूनें अमेरिकेनें एकाच नमुन्याचीं शेंकडों साधीं मालवाहू जहाजें झपाट्यानें बांधलीं. त्यांस 'लिबर्टी' जहाजें म्हणत. 'स्टीफन हॉपकिन्स' हें त्यांतील एक. १९४२ च्या सप्टेंबर महिन्यांत तें दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउनहून निघून दक्षिण अमेरिकेकडे एकटेंच चाललें होतें. पिछाडीस एक चार इंची तोफ व विमानांवर चालविण्याच्या कांहीं लहान तोफा, एवढें त्याचें बळ. २७ सप्टेंबर रोजीं हवा धुरकट असतां अचानक दोन जर्मन जहाजें त्याच्या समोर उभीं राहिलीं. त्यांतील 'स्टीर' हें वेषांतर केलेलें लढाऊ जहाज होतें, व त्यावर सहा इंची सहा तोफा होत्या. दुसरें 'टॅनेनफेल्स' नांवाचें मालवाहू होतें. थांबण्याचा इशारा झाला. कप्तान पॉल बक यांनीं थांबण्याचें नाकारलें व जहाजाची पिछाडी शत्रूकडे वळविली, कारण त्यांची तोफ तेथेंच होती.

तोफेवरील पथकाचे नायक केनेथ विलेट हे तरुण आरमारी अधिकारी होते. आरंभींच त्यांच्या पोटांत गोळ्याचे तुकडे शिरले; तरी ते तोफेपाशीं उभे राहून हुकूम देत राहिले. त्यांचे गडी एकामागून एक पडले. जो पडे त्याच्या जागीं जहाजावरील दुसरा कोणी येई. शेवटीं तोफेजवळ कोणीच उरलें नाहीं. तेव्हां एडविन ओहारा नांवाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी तेथें धांवत आला. तो व्यापारी आरमाराच्या विद्यालयाचा छात्र असून जहाजावर यंत्राचें काम शिकण्यासाठीं आला होता. तोफ चालविणें हें त्याचें नेमलेलें काम नव्हतें. तेथें पांच गोळे उरले होते. ते पांचहि त्यानें एकट्यानें भरून डागले, आणि लगेच तो स्वतः मारला गेला.

'स्टीफन हॉपकिन्स' बुडालें. परंतु 'स्टीर' इतकें मोडलें होतें कीं जर्मनांनीं तें सोडून देऊन स्वतःच बुडविलें. एका होडींत बसून एकोणीस माणसें निसटलीं. तीं एकतीस दिवस समुद्रावर होतीं. त्यांतील पंधरा माणसें ब्राझीलच्या किनाऱ्यास जिवंत लागलीं. ओहारा, विलेट व कप्तान बक हे त्यांत नव्हते. या प्रसंगीं माल पोचला नाहीं, जहाजहि पोचलें नाहीं. पंधरा माणसें पोचलीं. आणि 'स्टीर'च्या वाटेंत पुढें येणारीं जीं जहाजें लुटलीं गेलीं असतीं, तीं निर्वेध पोचलीं. त्या जहाजांवरील लोकांस ओहारा याचें नांवहि ठाऊक नसेल.

हिंदी आरमाराचें धाकटें जहाज

यानंतर सुमारें साडेसहा आठवड्यांनींच दुसरा प्रसंग हिंदी महासागरांत घडला. तो समजण्यासाठीं हिंदी आरमाराची तेव्हांची स्थिति थोडी सांगितली पाहिजे. 'रॉयल इंडियन नेव्ही' या नांवानें हें आरमार २ ऑक्टोबर १९३४ रोजीं मुंबईस स्थापन झालें. युद्धास आरंभ झाला तेव्हां त्यांत दोन हजारांच्या आंतबाहेर माणसें व बोटांवर मोजण्याइतकीं लढाऊ जहाजें होतीं. खलाशांची भरती पूर्वीपासून मोठ्या प्रमाणावर कोंकणांतून, विशेषतः रत्नागिरीकडील मराठा व मुसलमान घराण्यांतून होत असे. युद्धकाळांत सर्व प्रांतांतून तरुण आले, आणि युद्ध संपेपर्यंत हा आंकडा सुमारें तीस हजारांवर गेला. ज्यांनीं समुद्र कधीं पाहिला नव्हता, अशीं खेड्यापाड्यांतील मुलें थोड्याच महिन्यांत जहाजावर पाळीस उभीं राहूं लागलीं.

या वाढत्या आरमारासाठीं ऑस्ट्रेलियांत चार लहान जहाजें बांधण्यांत आलीं. त्यांचीं नांवें 'बेंगाल', 'बाँबे', 'मद्रास' व 'पंजाब'. मुख्यतः सुरुंग वेंचण्यासाठीं व सोबतीचा पहारा देण्यासाठीं तीं होतीं. 'बेंगाल' सिडनी येथें बांधलें गेलें व ऑगस्ट १९४२ मध्यें कामावर रुजू झालें. त्याच महिन्यांत मुंबईस 'छोडो भारत'चा ठराव झाला होता, हें विसरतां कामा नये. देशांत पुढारी तुरुंगांत, आणि देशाचे तरुण परक्या राज्याच्या निशाणाखालीं परक्या समुद्रावर, अशी ती विचित्र वेळ होती. त्या खलाशांच्या मनांत काय काय येत असेल याची कल्पना ज्याची त्यानें करावी. त्यांच्या हातीं सोंपविलेलें काम मात्र स्पष्ट होतें. आपल्या मागून येणाऱ्या जहाजास सुखरूप न्यावयाचें.

तें जहाज होतें 'ओंडिना'. तें ६,३४१ टनांचें डच तेलवाहू जहाज होतें. त्याचा देश हॉलंड मे १९४० पासून जर्मनांच्या ताब्यांत होता. त्यावर डच अधिकारी, चिनी खलाशी आणि पिछाडीच्या चार इंची तोफेवर निरनिराळ्या मित्रराष्ट्रांचे थोडेसे तोफची होते. १९४२ च्या नोव्हेंबर महिन्याच्या आरंभीं हीं दोन्ही जहाजें ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रीमँटल बंदरांतून दिएगो गार्सिया बेटाकडे निघालीं. 'ओंडिना'च्या टाक्या रिकाम्या होत्या. इराणच्या आखातांतून तेल भरून आणावयाचें होतें. 'बेंगाल' तेथून पुढें मुंबईस यावयाचें होतें. त्याचा आकार सुमारें सातशें टन. मुख्य शस्त्र एकच तीन इंची तोफ. आणि तिच्यासाठीं गोळेहि मोजकेच. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्सन. खलाशी बहुतेक हिंदी.

११ नोव्हेंबर १९४२

११ नोव्हेंबर हा दिवस पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीचा. १९१८ सालीं याच दिवशीं तोफा थांबल्या होत्या, आणि पुष्कळ देशांत तो मृतांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळतात. त्याच दिवशीं दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैऋत्येस भर समुद्रांत, दोन मोठीं जहाजें 'बेंगाल'च्या दिशेनें येतांना दिसलीं. तीं 'होकोकु मारु' व 'आयकोकु मारु' हीं जपानी जहाजें होतीं. मूळचीं तीं उतारूंचीं व मालाचीं जहाजें; प्रत्येक दहा हजार टनांहून मोठें. युद्धांत त्यांवर साडेपांच इंची तोफा, पाणतीर व विमानें ठेवण्यांत आलीं होतीं. त्याच वर्षीं त्यांनीं 'जेनोटा' व 'हाउराकी' हीं दोन जहाजें समुद्रांत पकडून नेलीं होतीं. त्यांचा वेग ताशीं वीस सागरी मैलांच्या वर. 'ओंडिना'चा सुमारें बारा.

विल्सन यांनीं 'ओंडिना'स निसटून जाण्याचा इशारा केला आणि आपलें चिमुकलें जहाज पूर्ण वेगानें शत्रूच्या अंगावर घातलें. हिशेब सरळ होता. 'बेंगाल' जितका वेळ शत्रूस गुंतवून ठेवील तितके मैल 'ओंडिना' दूर जाईल. हत्तीच्या पायाशीं शेळीनें शिंगें रोखावींत तसा हा प्रकार; परंतु मागें कळप असला म्हणजे शेळीसहि दुसरा मार्ग नसतो.

इकडे 'ओंडिना'चे कप्तान विलेम हॉर्समन यांनींहि हिशेब केला. इतक्या मंद जहाजानें पळून पळून जाणार कोठें? आणि सोबत्यास एकटें टाकून जावयाचें काय? त्यांनीं थांबून तोफ चालविण्याचें ठरविलें. पहारा देणारा ज्याच्यासाठीं मरावयास निघाला होता, तोच त्याच्या पाठीशीं उभा राहिला.

लढाई फार लांबली नाहीं. 'होकोकु मारु'च्या बाजूस पाणतीर सोडण्याचीं नळकांडीं होतीं, तेथें एक गोळा बसला. मोठा स्फोट झाला, आग विमानांस व तेलास लागली, आणि ती पसरत दारूगोळ्यापर्यंत गेली. थोड्याच वेळांत तें जहाज बुडालें. त्याच्या कप्तानासह ७६ माणसें मेलीं. उरलेलें 'आयकोकु मारु' मात्र शाबूत होतें. 'बेंगाल'चे गोळे संपत आले. त्याच्या पिछाडीस गोळा लागून आग लागली. 'ओंडिना' आतां दूर गेलें असें समजून विल्सन यांनीं धुराच्या पडद्याआड माघार घेतली. 'बेंगाल' कसेंबसें दिएगो गार्सियास व तेथून कोलंबोवरून मुंबईस आलें. त्यावरील एकहि माणूस दगावला नव्हता. 'ओंडिना' मात्र बहुधा गेलें, असें सर्वांस वाटलें.

परत आलेलें जहाज

'ओंडिना' दूर गेलें नव्हतें. त्याचे गोळे संपले होते व तें शत्रूच्या माऱ्यांत सांपडलें होतें. कप्तान हॉर्समन यांनीं जहाज सोडून होड्यांत उतरण्याचा हुकूम दिला, आणि त्यानंतर लागलीच गोळ्याचा तुकडा लागून ते आपल्या जागींच मरण पावले. 'आयकोकु मारु' जवळ आलें. त्यानें 'ओंडिना'वर दोन पाणतीर मारले, आणि मग होड्यांत बसलेल्या निःशस्त्र माणसांवर बंदुकांचा मारा केला. कांहीं माणसें त्यांत मेलीं. जहाज सोडलेल्या माणसावर हत्यार चालवूं नये, हा समुद्राचा जुना धर्म आहे. तो त्या दिवशीं मोडला गेला. मग आपल्या बुडालेल्या जहाजावरील लोकांस पाण्यांतून वर काढून जपानी जहाज निघून गेलें.

'ओंडिना' एका बाजूस कललें होतें, जळत होतें, परंतु बुडालें नव्हतें. कारण साधें होतें. त्याच्या टाक्या रिकाम्या होत्या. पाणतिरांनीं मोठीं भोकें पाडलीं तरी न फुटलेल्या टाक्यांतील हवेनें तें तरून धरिलें. होड्यांतील माणसें त्याकडे पाहत होतीं. त्या जळत्या जहाजावर परत चढावयाचें, शत्रु पुन्हां येणार नाहीं याची हमी कोणास? अशा वेळीं पुढें होणारास तोफेवरच्या माणसाहून वेगळें धैर्य लागतें. मुख्य अधिकारी रेहविंकेल यांनीं कांहीं जणांस राजी केलें. ते वर चढले, त्यांनीं आगी विझविल्या, यंत्र तपासलें, वाफ धरली, उरलेल्या सोबत्यांस व जखमींस वर घेतलें, आणि मेलेल्यांचा भार मनावर वाहत जहाजाचें तोंड पूर्वेकडे वळविलें. १८ नोव्हेंबर रोजीं तें फ्रीमँटल बंदरांत पोचलें. बुडालें म्हणून ज्याची आशा सोडली होती तें जहाज आपल्या पायांनीं घरीं आलें. कप्तान हॉर्समन यांस डच सरकारनें मरणोत्तर आपला श्रेष्ठ सैनिकी सन्मान दिला.

तो गोळा कोणाचा?

'होकोकु मारु'स लागलेला तो गोळा कोणाचा, याबद्दल पुढें वाद झाला. 'बेंगाल'वरील लोकांस वाटे तो आपला; 'ओंडिना'वरील लोकांस वाटे तो आपला. युद्धकाळांतील हिंदी व ब्रिटिश वृत्तांतांत श्रेय 'बेंगाल'कडे गेलें. पुढील अभ्यासकांचा कल बहुधा 'ओंडिना'च्या चार इंची तोफेकडे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दोन्हीं बाजूंचीं माणसें खोटें बोलत होतीं असें मानण्याचें कारण नाहीं. धूर, अंतर, आवाज आणि जिवाची भीति यांत प्रत्येकाला आपल्याच तोफेचा गोळा दिसतो. म्हणून एका साक्षीवर निकाल न देतां सर्व साक्षी ताडून पाहाव्या लागतात, आणि आपल्या देशाचें नांव मोठें होईल तेंच खरें असें धरून चालतां येत नाहीं.

परंतु त्याहून महत्त्वाचा मुद्दा निराळा आहे. गोळा 'ओंडिना'चा होता असें मानलें, तरी 'बेंगाल' शत्रूच्या तोंडावर गेलें नसतें तर 'ओंडिना'स तो मारण्याइतका अवसर मिळाला असता काय? आणि तो 'बेंगाल'चा होता असें मानलें, तरी 'ओंडिना' थांबलें नसतें तर शत्रूच्या सर्व तोफा एकट्या 'बेंगाल'वर वळल्या नसत्या काय? श्रेय वांटून घेतां येत नाहीं अशीं कांहीं कामें असतात. दोघांनीं एकमेकांस राखलें, आणि दोघेहि पोचले. 'पोचविणें' हा नेम दोन्ही बाजूंनीं पाळला गेला, एवढें निर्विवाद आहे.

यांतून काय घ्यावें?

युद्ध ही थोरवीची गोष्ट आहे असें शिकविण्यासाठीं हा लेख लिहिला नाहीं. 'होकोकु मारु'वरील जीं माणसें त्या दुपारीं मेलीं, त्यांच्याहि आया किनाऱ्यावर वाट पाहत होत्या. होड्यांवर मारा करणारे हात जन्मतः क्रूर नव्हते. द्वेषानें व युद्धानें ते तसे झाले. शत्रूवर प्रीति करावी ही आज्ञा जेथें रोज वाचली जाते, तेथें मेलेल्यांची मोजदाद आनंदानें करतां येत नाहीं. परंतु मारण्याच्या हौसेनें जें शौर्य येतें तें एक, आणि आपल्या स्वाधीन केलेल्यांस राखण्यासाठीं जें येतें तें दुसरें. पहिलें शत्रु नाहींसा झाला कीं संपतें. दुसरें आग विझवावयासहि उपयोगी पडतें, होडी वल्हवावयासहि पडतें, आणि शांततेच्या दिवसांतहि लागतें.

'प्रेषितांचीं कृत्यें' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायांत पौलाच्या सागरप्रवासाची हकीकत आहे. तें जहाजहि व्यापारीच होतें. आलेक्झांद्रियाहून गहूं घेऊन तें इटलीस चाललें होतें, व त्यावर दोनशें शाहात्तर माणसें होतीं. वादळांत सांपडल्यावर खलाशी लहान होडी सोडून गुपचूप निसटूं लागले. हे जहाजावर राहिले नाहींत तर कोणीच वांचणार नाहीं, असें पौलानें शिपायांस सांगितलें, आणि त्यांनीं त्या होडीचे दोर तोडून टाकिले. शेवटीं जहाज फुटलें, गहूं समुद्रांत गेला. परंतु सर्वच्या सर्व माणसें किनाऱ्यास लागलीं. ज्यास काम येतें त्यानें संकटाच्या वेळीं जागा सोडूं नये, इतकाच त्या हकीकतीचा व्यवहारी अर्थ घेतला तरी तो सर्व धर्मांच्या मुलांस सारखाच उपयोगी आहे.

पालकांसहि दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्या किनाऱ्यावरील पुष्कळ घरांतून, कोंकणांत तशींच गोमंतकांत, कोणी ना कोणी 'बोटीवर' होते. त्या युद्धांत व्यापारी जहाजांवर मेलेल्या हिंदी खलाशांची संख्या हजारांनीं मोजावी लागते. त्यांच्या गळ्यांत पदकें पडलीं नाहींत. समुद्रावर मेलेल्यास थडगेंहि नसतें. म्हणून हिंदी आरमाराच्या व हिंदी व्यापारी जहाजांवरील सुमारें साडेसहा हजार मृतांचीं नांवें एका ग्रंथांत लिहून काढण्यांत आलीं, आणि त्याची एक प्रत मुंबईंत खलाशांच्या 'इंडियन सीमेन्स होम' या वसतिगृहांत व दुसरी चितगांवास ठेवण्यांत आली. तोफेवरील शिपाई, भट्टींत कोळसा ओतणारा, स्वयंपाकी, झाडूवाला, हे सर्व त्या मोजणींत बरोबरीचे आहेत.

'बेंगाल' जहाज स्वातंत्र्यानंतर भारताच्या आरमारांत राहिलें. परक्या निशाणाखालीं ज्या हातांनीं पहाऱ्याचें काम शिकून घेतलें, तेंच काम पुढें आपल्या निशाणाखालीं उपयोगी पडलें. शिकलेलें कर्तव्य वायां जात नाहीं, तें असें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं फार थोडे तोफेपाशीं उभे राहतील, आणि कोणासहि उभें राहावें न लागो अशीच आमची प्रार्थना आहे. परंतु कांहींतरी पोचविण्याचें काम प्रत्येकाच्या वांट्यास येणारच. कोणी पावसाळ्यांत धाकट्या भावंडास ओढ्यापलीकडे नेईल, कोणी रात्रीं रुग्णाच्या उशाशीं जागेल, कोणी आगगाडीचा कांटा सांभाळील. ज्या रात्रीं कांहींच घडणार नाहीं, त्या रात्रीं कोणी तुमचें कौतुकहि करणार नाहीं. सकाळीं सर्व जण सुखरूप आहेत एवढें पाहावें, आणि पुन्हां आपल्या पाळीवर जावें.